हौद्यात काय अंथरायचं

नांदेडमधल्या दुकानाच्या पायरीपुढे प्लास्टिकचा काळाभोर लायनर पसरला होता आणि अंबिका चपला काढून त्याच्यावर उभी राहिली होती. पिकअपच्या हौद्यात बसवायचा तो भलामोठा ट्रे. तिने आधी बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं. मग घरून आणलेली पिशवी उघडली. आत म्हशीचं शेण होतं.

"ताई, ताई! नवा माल हाय तो!" दुकानदार वीरेश काउंटर सोडून बाहेर धावला.

"धुऊन देते की दादा. माझ्या गाडीत हेच असतंय, अत्तर नसतंय."

तिच्या आईला, सिंधूला, जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबून बघत होते. "अगं, काय करायलीस? चल तिकडं," ती दबक्या आवाजात म्हणाली. पण अंबिकाने शेण पायाने सारवलं, टाच टेकवली आणि दुसऱ्या क्षणी आईच्या खांद्याला लटकली. पाय सटकन घसरला होता.

"बघा. मी पन्नास किलोची. साडेतीनशे किलोची गाय काय करंल?"

"गायीसाठी कोण घेतंय हे? खत, सिमेंट, टमाटे नेणारे घेत्यात. पत्रा नवाकोरा राहतो." वीरेशने मग दुसरा नमुना काढला. पत्र्यावर फवारून बसवायचं कोटिंग होतं ते, खरखरीत. अंबिकाने त्याच्यावर पाय घासला. घसरला नाही. मग ती गुडघ्यावर बसली, गुडघा जरा पुढे-मागे केला आणि सलवारीला निघालेले धागे वीरेशला दाखवले.

"गाय वाटेत बसली तर तिचे गुडघे सोलतील."

"मग असं करा ताई," वीरेश वैतागून हसला, "पुढच्या खेपेला गायीलाच घेऊन या. ती करंल पसंत."

सिंधूला तो टोमणा लागला. अंबिका मात्र विचारात पडली. जळकोटला, घरी पोहोचेपर्यंत तो विचार तिच्या डोक्यातून गेला नाही.

अंबिका बावीस वर्षांची. वडील, वैजनाथ, पंधरा वर्षं पिकअप चालवत होते. साखरेच्या आजाराने डोळे अधू झाले आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. सिंधू बी.ए. झालेली. पोरीने बँकेच्या परीक्षा द्याव्यात, पंख्याखाली बसावं, असं तिचं साधं स्वप्न होतं. पोरीने पदवी घेतली आणि तिच्या पाठोपाठ मालवाहू गाडीचा परवानाही काढला. जुनी गाडी देऊन नवी आणली आणि जनावरांचीच भाडी घ्यायला लागली. कुणाची गाभण म्हैस दवाखान्यात, कुणाची विकलेली कालवड बिलोलीला. जनावर चढवताना ती त्याच्याशी बोलायची. स्पीडब्रेकर आला की गाडी इतकी हळू करायची की मागचे लोक हॉर्न वाजवून थकायचे. वर्षभरात लोक म्हणायला लागले, बाई, जनावर न्यायचं तर अंबिकाच्या गाडीतूनच.

मग वैशाखात हणमंतरावांची कालवड घसरली.

हणमंतराव सत्तरीला आलेले, आणि लाल कंधारी गायींवर त्यांचा जीव. कालवडीने हौद्यात मूत्र केलं, उताराला गाडीने गचका घेतला आणि तिचे दोन्ही पाय पत्र्यावरून फाकले. गुडघे सोलून निघाले. मालक सोबत नव्हते. अंबिकाला सांगता आलं असतं की आधीचंच लागलेलं होतं. पण तिने गाडी त्यांच्या दारात लावली, खाली उतरली आणि म्हणाली, "तात्या, माझ्या गाडीत लागलं. पत्रा ओला झाला होता, माझ्या ध्यानात आलं न्हाई." त्यानंतर नऊ दिवस ती रोज जाऊन कालवडीच्या गुडघ्यांना मलम लावत होती. दहाव्या दिवशी खपली धरली.

हणमंतराव रागावले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले. पण त्यांचा फोन पुन्हा आला नाही. त्यांचा बंद झाला तसे इतरांचेही झाले. अंबिका सोयाबीनची पोती आणि मांडवाचे खांब वाहू लागली. कुरकुर केली नाही, पण घरी येऊन ती आता काही सांगत नसे. सिंधूला पूर्वी पोरीच्या बडबडीची काळजी वाटायची, आता तिच्या गप्प राहण्याची वाटू लागली.

मार्गशीर्षात कळलं की हणमंतराव माळेगावच्या यात्रेत जनावरांच्या प्रदर्शनाला माणकीला नेणार आहेत. माणकी म्हणजे गोठ्यातली सगळ्यात देखणी गाय. नेणार कशी? तर पायी. "आमचा बाप चालवत न्यायचा," ते म्हणाले होते. "दोन दिवस लागत्यात, लागू दे. गाडीत घालायची न्हाई."

ते ऐकल्यावर अंबिकाने लायनरचा शोध सुरू केला होता.

नांदेडहून परतल्यावर वैजनाथांनी आपलं मत दिलं. "प्लास्टिकचाच घ्यायचा होता. उद्या गाडी विकताना गिऱ्हाईक आधी हौदा बघतंय."

"विकायची घाई कुणाला आहे पप्पा?"

दोन दिवसांनी ती उदगीरला गेली. गाड्यांच्या दुकानात नव्हे, पेंडीच्या दुकानात. तिथे गोठ्यात अंथरायच्या जाड रबरी मॅट मिळतात. वर बारीक उठाव, त्यामुळे खूर घट्ट बसतो. खाली खोबणी, त्यामुळे मूत्र वाहून जातं आणि पत्रा कुजत नाही. दुकानदार दोन अख्ख्या मॅट बांधायला लागला, तेव्हा तिने एक उचलून पाहिली. गुडघ्याच्या वर येईना.

"अर्ध्या-अर्ध्या कापून द्या," ती म्हणाली. "रोज मलाच उचलून धुवायच्यात."

घरी येऊन तिने हौद्याला गंज न लागण्यासाठी रंगाचे दोन हात दिले. पण मॅट हौद्यात टाकल्या नाहीत. चारही तुकडे घेऊन ती हणमंतरावांच्या दारात गेली. सिंधू सोबत होती. पोरीचा अपमान झाला तर निदान आपण जवळ असावं, एवढ्यासाठी.

"तात्या, ह्या चार रात्री माणकीखाली टाका."

"कशापायी?"

"नव्या रबराला वास लई येतोय. तिचा वास लागू दे त्याला."

"आन् मग?"

"मग काय न्हाई. शुक्रवारी येऊन मी घेऊन जाते. तुम्ही चालत निघा."

म्हाताऱ्याने वाकून एक तुकडा हुंगला. मग गोठ्याकडे हात केला. "टाक."

शुक्रवारी उजाडताना अंबिकाने गाडी बांधाला अशी उलटी लावली की मागचा फाळका उघडल्यावर जमीन आणि हौदा एका पातळीला आले. गोठ्यातून मॅट आणून न धुताच अंथरल्या. हणमंतराव खांद्याला पिशवी अडकवून चालायच्या तयारीत उभे होते. अंबिका त्यांना गाडीत चला म्हणाली नाही. माणकीलाही काही म्हणाली नाही. फक्त बाजूला झाली.

शेजारचा मलप्पा काठी घेऊन पुढे आला. "शेपटी पिरगाळतो, चढंल."

"मलप्पाकाका, काठी खाली ठेवा. तिला कळतंय."

माणकीने मान लांब करून मॅट हुंगली. एक खूर ठेवला, काढून घेतला. सोबत आलेल्या सिंधूने पदराचं टोक मुठीत धरलं. गाय पुन्हा हुंगायला लागली, आणि मग आपल्याच गोठ्यात शिरावी तशी चार पावलं टाकून आत जाऊन उभी राहिली.

हणमंतरावांनी पिशवी हौद्यात टाकली आणि ते तिच्यामागोमाग आत शिरले. "मी हितं तिच्याजवळ थांबतो," ते म्हणाले. "चल."

सिंधू पुढे केबिनमध्ये बसली. वाटभर तिची नजर स्पीडच्या काट्यावर होती आणि काटा चाळिसाच्या वर गेला नव्हता. तरी कंधारच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला शेतातून अचानक रस्त्यावर आला. अंबिकाने ब्रेक दाबला. मागून धाडकन आवाज आला.

सिंधूने डोळे मिटून घेतले. अंबिका दार उघडून पळत मागे गेली. मग हणमंतरावांचा आवाज आला.

"मी पडलो, ती न्हाई."

सिंधू मागे गेली तेव्हा माणकी चारही पाय रोवून उभी होती आणि रवंथ करत होती. म्हातारा कोपऱ्यात पिशवीवर बसला होता, पटका तिरका झालेला, आणि हसत होता. अंबिकाने वर चढून गायीच्या एकेका गुडघ्यावरून हात फिरवला. मग तात्यांच्या कोपरावरून.

"तुम्हाला लागलं का तात्या?"

"माझं सोड. मला कोण बघायला येणार हाय प्रदर्शनात!"

माळेगावच्या मैदानात ज्याने-त्याने विचारलं, तात्या, चालत आलात का? आणि ज्याला-त्याला त्यांनी तेच सांगितलं. मी पडलो, ती न्हाई. दुपारी त्यांचा फोन वाजला. बिलोलीकडचा कुणी व्यापारी होता. दोन वळू न्यायचे होते, गाडी सापडत नव्हती.

"हाय की गाडी," हणमंतराव म्हणाले. "आमच्या अंबिकाची. आत्ता हितं न्हाई ती... नंबर? पाठ न्हाई मला, थांब."

अंबिका नळावर मॅट धुवायला गेली होती. हणमंतरावांनी फोन कानापासून दूर धरून सिंधूकडे पाहिलं. "पोरीचा नंबर सांगा हो बाई."

सिंधूला आठवावा लागला नाही. दिवसातून दहा वेळा ती तो लावत असे, पोहोचलीस का, जेवलीस का, अंधार पडायच्या आत ये. तिने तो एकेक आकडा सुटा करून, मोठ्याने सांगितला. आणि पलीकडच्या माणसाने बरोबर लिहून घेतला की नाही, याची खात्री होईना म्हणून पुन्हा एकदा सांगितला.