मागच्या डाव्या ब्रेकमधली हवा

जब्बार शेख यांनी नवी कोरी पांढरी गाडी घेतली ती सत्त्याण्णव साली. सोबत तीन फुकट सर्व्हिसिंग होती. पहिल्या खेपेला गाडी सर्व्हिस सेंटरमधून परत आली तेव्हा मागच्या सीटवर कुणाचा तरी चहाचा कागदी कप निघाला. जब्बारभाईंनी तो दोन बोटांनी उचलून उकिरड्यावर टाकला आणि उरलेली दोन सर्व्हिसिंगही त्याच्यामागे टाकून दिली. शनिवार पेठेत फुकटचं सोडून देणारा माणूस विरळाच, त्यामुळे त्यांचं नाव झालं.

तेव्हापासून गाडीला परक्याचा हात लागला नाही. जब्बारभाई खडकीच्या कारखान्यात टर्नर. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, पट्टा ताणणं, सगळं दर रविवारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, जुनं गोणपाट अंथरून. एकच काम त्यांना एकट्याने जमत नसे, ते म्हणजे ब्रेकमधली हवा काढणं.

ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. त्यात हवा शिरली की पेडल मऊ पडतं आणि पाय खाली खाली जातो. मग एकाने चाकाशी आडवं पडून तिथला बारीक बोल्ट सैल करायचा आणि दुसऱ्याने गाडीत बसून पेडल दाबून धरायचं. बोल्ट परत आवळण्याआधी आतल्याने पाय उचलला, की हवा पुन्हा आत. म्हणजे पाय असा हवा की जो सांगितल्याशिवाय हलत नाही. असा पाय घरातच होता. बिलकिसबी अर्ध्या पेठेचे ब्लाउज शिवत, पायाच्या मशीनवर. मशीनचा पट्टा केसभर ढिला झाला तरी त्यांच्या तळव्याला आधी कळे.

घरात दोघं दखनी उर्दूत बोलत. भांडणं आणि गाडीचं काम मात्र मराठीत.

"दाब."

"दाबलाय."

"धर."

"धरलाय. बुडाला बघा."

"हां, सोड."

चार चाकं, तासभर. सलाईनची नळी, तिचं टोक मधाच्या रिकाम्या बाटलीत, आणि बाटलीत वर येणारे बुडबुडे. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात हे काम दोन वर्षांनी एकदा करायला सांगितलं होतं. जब्बारभाई वर्षातून दोनदा करत. समोरच्या बिल्डिंगमधल्या पद्मजाबाई, बँकेतून निवृत्त झालेल्या आणि त्यामुळे पेठेची चौकशी करायला मोकळ्या, एकदा गॅलरीतून म्हणाल्या, "जब्बारभाई, गाडीत एवढी हवा शिरते कुठून? तुम्ही दोघं पार्किंगमध्ये बसायला निमित्त शोधता, असं माझं मत आहे."

"मत द्यायला निवडणूक आहे का, बाई?" जब्बारभाई गाडीखालून म्हणाले. बिलकिसबी मात्र ओढणीच्या आड हसल्या. ते पद्मजाबाईंनी टिपलं आणि संध्याकाळपर्यंत नारायण पेठेत पोचवलं.

मग दोन हजार बारा साली मुलीला, रझियाला, नाशिकला जुळं झालं. बिलकिसबी चाळीस दिवसांसाठी गेल्या. चाळिसाचे तीन महिने झाले, तिनाचे चौदा. रझियाची नोकरी, पोरांची दुखणी; अम्मीवाचून तिचं पान हलेना. फोनवर ती म्हणे, "अब्बा, तुम्हीच इकडे या ना. गाडी विकून टाका."

जब्बारभाई जाऊन आले होते. जावयाच्या घरी सासरा चार दिवस पाहुणा असतो. पाचव्या दिवशी तो सोफ्यावरची उशी होतो. कुणीतरी उचलून बाजूला ठेवायच्या आत ते परतले.

घरी आले तर मशीनवर चादर घातलेली. सकाळी चहा एक कप करायचा म्हणजे भांडं केवढं घ्यायचं तेही त्यांना उमगेना. बायकोला "ये" म्हणावं, तर तोंडातून शब्द फुटेना. पंचेचाळीस वर्षांत तसं कधी म्हणायची पाळीच आली नव्हती. ती असायचीच.

अशात एके दिवशी पेडल मऊ लागलं. पेठेत असं सांगतात की त्या दिवशी जब्बारभाई चक्क शीळ घालत जिना चढले. लगेच नाशिकला फोन.

"बिलकिस, ब्रेकमध्ये हवा शिरलीय."

"मग?"

"मग काय. काढायला पाहिजे."

पलीकडे एक पोर रडत होतं, दुसरं त्याला साथ देत होतं. "अहो, सर्व्हिस सेंटरला द्या की. त्यासाठी मी दोनशे किलोमीटर येऊ का?"

"सेंटरला?" जब्बारभाई म्हणाले, आणि फोन ठेवला.

तिढा तो एवढाच होता. गाडी सेंटरला दिली, की ब्रेक दुरुस्त. ब्रेक दुरुस्त झाला, की बिलकिसला बोलवायला हातात काही उरत नाही. कारण दुसरं कारण, जे खरं होतं, ते सांगता येत नव्हतं. म्हणून त्यांनी गाडी तशीच चालवली, हळू हळू, दोन पावलं आधीच ब्रेक दाबत.

महिनाभराने त्यांनाच भीती वाटली. कात्रजहून कारखान्यातला जुना दोस्त संपत आला, त्याला त्यांनी गाडीत बसवलं.

"संपत, मी सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही."

"जब्बारभाई, बत्तीस वर्सं प्रेस चालिवलीय म्या. पायाचं मला सांगता व्हय?"

"दाब. धर."

"धरलाय की. ते जाऊ द्या, वहिनी कवा येनार हायेत? आमची मंडळी इचारत हुती..." आणि बोलता बोलता संपतने पाय उचलून मांडीवर घेतला. नळीतलं तेल सुर्रकन मागे गेलं. होती त्याच्या दुप्पट हवा आत.

गाडीखाली बोल्ट आवळल्याचा आवाज आला. मग जब्बारभाई म्हणाले, "संपत, तू चहा घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी पाव आणायला निघाले, आणि बिल्डिंगच्या दारातच पेडल पार तळाला गेलं. गाडी अगदी सावकाश, लाजत लाजत पुढे सरकली आणि पद्मजाबाईंच्या उभ्या स्कूटीला टेकली. स्कूटी आडवी झाली. माणसाला काही नाही, स्कूटीचा आरसा गेला. पद्मजाबाई खाली आल्या, आरसा पाहिला, जब्बारभाईंचा चेहरा पाहिला. वर गेल्या आणि त्यांनी सरळ बिलकिसबींना फोन लावला.

पाच मिनिटांत जब्बारभाईंचा फोन वाजला.

"उद्या सकाळी गाडी सेंटरला. चालवत नाही, टोचन लावून. माझी शपथ आहे तुम्हाला."

"तू म्हणतेस तर..."

"मी म्हणते म्हणून नाही. तिथे पोरगं असतं तर?"

सोळा वर्षांनी पांढरी गाडी दोरीला बांधून सेंटरच्या फाटकातून आत गेली. काउंटरवरच्या मुलीने कागद भरून घेतला आणि गोड आवाजात सांगितलं, "सर, कस्टमरना आत जाता येत नाही. काचेतून बघू शकता. कॉफी घेणार?"

जब्बारभाई काचेशी उभे राहिले. गाडी लिफ्टवर चढली. निळ्या कपड्यातला एक मेकॅनिक मागच्या डाव्या चाकाशी गेला. सुरुवात तिथूनच करतात, हे त्याला माहीत होतं, एवढं जब्बारभाईंनी मान्य केलं. आता दुसरा कोण येतो म्हणून ते पाहत राहिले. कुणी आलं नाही. मेकॅनिकने बोल्टला एक नळी लावली, एका डब्याचं बटण दाबलं, आणि डब्याने सगळी हवा ओढून घेतली. चारही चाकं वीस मिनिटांत. ड्रायव्हरची सीट रिकामी.

मेकॅनिक बाहेर आल्यावर त्यांनी त्याला गाठलं. "पेडलवर कुणी बसत नाही?"

"नाही काका. मशीनने होतं. दोन माणसं कशाला अडकवायची?"

"बरोबर आहे," जब्बारभाई म्हणाले. गाडी उत्तम चालली. पेडल दगडासारखं कडक. घरी येईपर्यंत त्यांनी ते एकूण सत्तावीस वेळा दाबलं, आणि प्रत्येक वेळी ते कडकच लागलं. मागच्या सीटवर चहाचा कपसुद्धा नव्हता. तक्रारीला जागा म्हणून ठेवली नव्हती.

दोन महिन्यांनी कोंढव्यात नात्यातलं लग्न निघालं आणि बिलकिसबी चार दिवसांसाठी पुण्याला आल्या. पहिले तीन दिवस लग्नाने खाल्ले. चौथ्या दिवशी सकाळी मशीनवरची चादर काढून त्या तेल घालत होत्या, तेव्हा जब्बारभाई दारात घुटमळले.

"ब्रेकचं काम राहिलंय."

"सेंटरला दिली होती ना?"

"दिली होती. पण त्यांचं काम म्हणजे... थोडी हवा राहिलीय असं वाटतं."

बिलकिसबींनी त्यांच्याकडे पाहिलं, तेलाची कुपी खाली ठेवली आणि जिना उतरल्या. चपला काढून सीटवर बसल्या. जब्बारभाई गोणपाटावर आडवे झाले. गुडघे कुरकुरले. नळी लावली, टोक मधाच्या बाटलीत सोडलं.

"दाब."

पेडल जेमतेम बोटभर खाली गेलं आणि अडलं. शिलाई मशीनवर चाळीस वर्षं घालवलेल्या पायाला कडक काय आणि मऊ काय हे शिकवायला लागत नाही. जब्बारभाईंनी डोळे मिटून घेतले. आता ती उतरणार, ओढणी झटकणार आणि मराठीत सुरू होणार.

"दाबलाय," आतून आवाज आला.

"धर."

"धरलाय."

बाटलीत नवं, स्वच्छ तेल उतरलं. एकही बुडबुडा नव्हता.

"सोड."

चारही चाकं झाली. नेहमीपेक्षा जास्तच वेळ लागला. समोर गॅलरीत पद्मजाबाई वाळलेली साडी तिसऱ्यांदा घडी करत होत्या.

दुपारी जब्बारभाईंनी बायकोला शिवाजीनगरच्या स्टँडवर सोडायला गाडी काढली. संचेती चौकात अचानक एक रिक्षा आडवी आली. त्यांनी पाय दाबला. गाडी जागच्या जागी अशी थांबली की बिलकिसबींच्या मांडीवरचा जेवणाचा डबा उडून खाली पडला. रिक्षा निघून गेली. मागचे हॉर्न वाजू लागले. जब्बारभाई समोर बघत राहिले, त्यांचे कान लाल झाले होते.

बिलकिसबींनी वाकून डबा उचलला, झाकण घट्ट बसवलं.

"सेंटरवाल्यांनी काम चांगलं केलंय," त्या म्हणाल्या.

जब्बारभाईंनी गियर टाकला. स्टँड दिसू लागलं, नाशिकची गाडी लागलेली होती.

"पण मागचं डावं मला अजून मऊ वाटतं," बिलकिसबी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "रझियाला सांगते. पुढच्या महिन्यात येऊन बघावं लागेल."

"हो," जब्बारभाई म्हणाले. "मलाही तसंच वाटतं."