देवानं डावी दिली

सन एकोणीसशे अडुसष्ट. मी चौदा वर्षांचा होतो. चौथी झाली होती, पाचवीचं पुस्तक घरात आलंच नव्हतं. विट्याच्या पलीकडं आमचं गाव. त्या सकाळी आईनं दशम्या बांधल्या, मला नाथाच्या देवळात नेलं, उंबऱ्यावर डोकं टेकवायला लावलं आणि म्हणाली, "दिवा लावताना रोज त्याला सांगत जा. काय हवं, काय नको, समदं सांगायचं." दादा, म्हणजे माझे वडील, बाहेर चपलांपाशी उभे होते. स्टँडकडं जाताना ते म्हणाले, "कुणाचा मिंधा होऊ नगंस. माणसाचा न्हाई, आन् देवाचा बी न्हाई."

एसटी सुटायच्या वेळी आई रडत होती आणि दादा कंडक्टरशी भांडत होते की पोरगं लहान हाय, अर्धं तिकीट घ्या. मी म्हणालो, पुरं घ्या. तेवढ्यावरून दादा माझ्यावर रागावले का खूश झाले, ते मला आजवर कळलेलं नाही. गाडी हलली तरी त्यांचा चेहरा तसाच होता.

आईचं सांगणं आणि दादांचं सांगणं, दोन्ही घेऊन मी निघालो. दादांचं पाळलं. आईचं राहिलं.

गावातल्या एका जाणत्या गलाईवाल्याबरोबर कराड, पुणे, झाशी अशा गाड्या बदलत तिसऱ्या दिवशी लखनौला उतरलो. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम. सराफ मोडके दागिने आणून देतो. ते मुशीत घालून भट्टीत वितळवायचे, मग तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकायचे. हीण जातं, चोख माल राहतो. आमच्या भागातनं घरटी एक माणूस ह्या कामावर मुलखात गेलेला आहे. तुम्ही गेलेले असाल तर तेजाबाचा धूर घशात कसा बसतो ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही गावातच राहिला असाल तर तुम्हाला आमची नावंच माहीत नसतील. यात्रेला आलो की कुणी मद्रासवाले, कुणी कोचीनवाले. मी लखनौवाले. इथं लखनौच्या चौक बाजारातल्या सराफांना मी मराठा चाचा. आईबापानं ठेवलेलं नाव एक माझी थोरली बहीण, अक्का, तेवढी घेते. तीही फोनवर.

पहिली वर्षं चौकात भट्टीच्या माळ्यावरच झोपलो. थंडीत बाकीची पोरं गावाकडची हवा आठवून कुढायची. मी कुढलो नाही. निदान कुणाला दिसू दिलं नाही. पुढं स्वतःची भट्टी टाकली, लग्न झालं, अलीगंजमध्ये दोन खोल्या घेतल्या. हळूहळू तोंडात सब्जी आली, चाबी आली, "अच्छा" आलं. एकदा अक्काला फोनवर म्हणालो, "आज भाव बहुत गिर गया गं," तर ती म्हणाली, "मेल्या, नीट बोल, का कुणी तोंड धरून बसलंय?"

आता खरी गोष्ट सांगतो, कारण ती सांगायचीच लाज मला एवढी वर्षं वाटत आली.

सात-आठ वर्षांपूर्वीची यात्रा. देवळापुढं सभा भरली होती. मद्रासवाल्यांनी सभामंडपाची फरशी बोलली. टाळ्या पडल्या. लाऊडस्पीकरवर नाव घेतलं. मी मागं बसलो होतो, उठायचं काही कारण नव्हतं. उठलो. म्हणालो, "नाथाच्या पालखीला चांदी मी मढवीन. सगळी. दुसऱ्या कुणाची गुंजभर नको." त्या वेळी भट्टी जोरात चालत होती. टाळ्या मद्रासवाल्यांपेक्षा जास्त पडल्या. मी मोजल्या नाहीत, पण ऐकल्या.

पुढच्या दोन वर्षांत काम गेलं. सराफांकडं मशीन आलं. चिमूटभर माल ठेवला की पडद्यावर कस किती त्याचा आकडा दिसतो. भट्टी कशाला, मराठा चाचा कशाला. माझं शटर आता आठवड्यातनं दोनदा उघडतं, तेही गंजू नये म्हणून. मुलगा सुरेश इथंच लखनौच्या सरोजिनी नगरला एका गोदामात लागला. तिथं तीन-तीन महिन्यांनी करार वाढतो. वाढला तर वाढला. दर तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आणि मी गावाला जायचा बंद झालो. पहिल्या वर्षी गुडघा दुखतो म्हणालो. दुसऱ्या वर्षी रिझर्वेशन मिळालं नाही म्हणालो. नंतर कारणंही संपली. अक्का विचारायची, "औंदा तरी येतुयास का? मला आता माणूस आवाजावरनं वळखावं लागतं. तुझा आवाज तर फोनात निराळाच येतो." मी म्हणायचो, बघतो. कुठल्या तोंडानं जाणार? पालखी उघड्या लाकडाची निघणार आणि मी खालनं चालणार?

इकडं आमची कारभारीण, इंदू. तिचा स्वभाव आईवर गेलाय म्हणावं तर रक्ताचं नातं नाही. रोज सकाळी ती देव्हाऱ्यापुढं बसून मोठ्यानं बोलते. मोक्ष नाही, पुण्य नाही. "नाथा, सिलिंडर अजून चार दिस जाऊ दे. सुरेशच्या स्कूटरचं टायर ह्या महिन्यात फुटू देऊ नगंस. सुनबाईचा दात दुखायचा थांबू दे, डाक्टर नगं."

मी एकदा चिडून म्हणालो, "देवाला काय किराणा सांगतीस?"

"मग काय सांगू? तुमच्यावानी चांदी देतो म्हणून सांगू?"

मी पेपर उचलला. पण त्या दिवसापासून पेपर तोंडापुढं धरून तिचं ऐकायला लागलो. खोटं कशाला बोलू, सिलिंडर हलवूनही बघायला लागलो. चार म्हणाली की पाच दिवस जायचा. एकदा घरात तेल संपलं होतं, तर शेजारच्या मिश्राइनीनं मुलीच्या सासरी द्यायला पन्नास पुरणपोळ्या सांगितल्या. तेल, डाळ, गूळ सगळं तीच घेऊन आली, वर मेहनतीचे वेगळे.

"बघा," इंदू म्हणाली, "देवानं धाडलं."

"देवानं न्हाई, मिश्राइनीनं धाडलं."

"मग मिश्राइनीला कुणी धाडलं?"

मी म्हणालो की पोळी जाड झालीय.

गेल्या माघात अक्का पडली. मोडलं काही नाही, पण फोनवर म्हणाली, "आता ये म्हणत न्हाई बाबा. तुझ्या मनाला येईल तसं कर." ये म्हणत होती तोवर बरं होतं. त्या रात्रीनंतर मला जेवण गोड लागेना. शेवटी एक ठरवलं. देवाकडंच कौल मागायचा की मला शब्दातनं मोकळा कर. मोकळा झालो की ताठ मानेनं गावाला जातो. सांगतो, देवानंच सोडलंय, तुम्ही कोण विचारणारे?

आमच्या गावचा गुरव म्हातारा आहे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याच्या नातवाच्या मोबाईलवर व्हिडिओ लावायचं ठरलं. इकडं फोन धरायला आमची सून शालिनी. ती जन्मानं लखनौचीच. मराठी सगळं समजते, बोलते हिंदी.

"पापाजी, ये कौल होता क्या है?"

मी सांगितलं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाची एक-एक पाकळी चिकटवतात. मग प्रश्न मनात न ठेवता स्पष्ट बोलायचा. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही.

"और अगर पंखा चल रहा हो तो?"

"गाभाऱ्यात पंखा नसतो, बहू."

पडद्यावर नाथाचं तोंड दिसलं. सहा वर्षांनी. कुणीतरी नवा फेटा बांधला होता. मागं कुणीतरी घंटा वाजवली. मी चटकन पाठ सरळ केली.

गुरव म्हणाला, "बोला लखनौवाले. खणखणीत बोला, द्येवाला ऐकू येतं पर मला येत न्हाई."

मी बोललो, "नाथा, पालखीच्या चांदीचा शब्द दिला होता. आता जमत नाही. मला त्या शब्दातनं सोडवणार असशील तर उजवी दे."

इंदू मागं उभी होती. तिचा हात तोंडावर गेलेला मला फोनच्या काचेत दिसला.

नेटवर्क अडकलं. देव तसाच थांबला, पाकळ्या तशाच. शालिनी म्हणाली, "हिलना मत पापाजी, हिलना मत," जसं काही मी हललो तर पाकळी पडणार होती. मग चित्र चालू झालं. गुरव खाली वाकून बघत होता.

"डावी दिली बगा," तो म्हणाला.

शालिनीनं विचारलं, "मतलब... मना कर दिया?"

गुरव म्हणाला, "पुन्हा लावू का? तीनदा लावायची रीत हाय."

"नको," मी म्हणालो. "एकदा दिलं ते दिलं."

फोन बंद केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. जन्मात देवाकडं एक गोष्ट मागितली आणि तीही त्यानं दिली नाही. इंदूला सिलिंडर देतो, टायर देतो, दात देतो. मला नाही. दादा म्हणायचे तेच खरं, असं मनात आलं. रागानं डोळे भरून आले, आणि समोरून मिश्राइन जात होती म्हणून मी उगाच गुडघा चोळत बसलो.

इंदू चहा घेऊन आली. शेजारी बसली. म्हणाली, "तुम्ही मागितलंच वाईट."

"काय वाईट? सोड म्हणालो."

"तेच की. सोडलं असतं म्हंजे? घर दुसऱ्याचं झालं, रान भावकीत गेलं. तुमचा तिथं एक शब्दच तेवढा ऱ्हायलाय. त्यो बी सोडला असता तर लखनौवाले म्हणून तरी कुणी कशाला बोलावलं असतं?"

"पण चांदी कुठून आणू?"

"आज आणा म्हणाला का त्यो? सोडत न्हाई म्हणाला. देणेकऱ्यानं तोंड चुकवू ने, एवढंच. जायचं, म्होरं उभं ऱ्हायचं, आन् म्हणायचं अजून जमलं न्हाई."

चहा गार झाला तरी मी घेतला नाही. सत्तावन्न वर्षं मला वाटत होतं, गाव म्हणजे जिथं मान मिळतो ते. हातात काही नसताना जायचं ठिकाण नव्हे ते. आणि त्या ओट्यावर बसून मला गावातलं जे आठवत होतं त्यात टाळ्या कुठंच नव्हत्या. दुपारी उन्हात देवळाचा तापलेला दगड आठवला. अक्का पाट्यावर मिरची वाटताना मला लांब बस म्हणायची ते आठवलं. स्टँडवर न उलगडलेला दादांचा चेहरा आठवला. ह्यातलं काही मला नाव घेऊन, मान देऊन बोलावत नव्हतं. तरी जायचं तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता अंघोळ केली आणि पहिल्या टेम्पोनं चारबाग स्टेशनच्या रिझर्वेशन ऑफिसला गेलो. फॉर्म स्वतः भरला. अक्षर वेडंवाकडं, पण माझं. दोन माणसं, पुण्यापर्यंत, यात्रेच्या आदल्या आठवड्यात. रांग लांब होती. उभा असताना इंदूचे गुडघे आठवले. वरच्या बर्थवर ती चढायची नाही. इकडं-तिकडं बघितलं, कुणी ओळखीचं नव्हतं, आणि हळूच म्हणालो, "नाथा, खालची जागा मिळू दे. दोन्ही."

खिडकीतल्या पोरानं बटणं दाबली. "चाचा, एक लोअर है, एक अपर. बना दूँ?"

"बना दो," मी म्हणालो. "ऊपर मैं चढ़ लूँगा."