बायच्या खोक्यातला गारवा

बायनं कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. खारदांड्याच्या कोळणीची ही लेक पार्ल्याच्या कॉलेजात बीएस्सीला होती आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत शिपाई. सातवीत शाळा सुटलेला, हंगामी नोकरीवरचा, उठता-बसता दचकणारा माणूस. ती मला मामा म्हणायची.

पहिल्याच दिवशी आमचे मुख्य सर वर्गासमोर नाक दाबून तिला म्हणाले, "अगं, मायक्रोस्कोपला मासळीचा वास लागेल ना!" पोरं खिदळली. बाय रडली नाही. नंतर मला एवढंच म्हणाली, "मामा, हे मी ठेवून घेतलंय." तोवर तिला बँकेत चिकटायचं होतं. पुन्हा बँकेचं नाव काढलं नाही.

तिच्याकडे प्रयोगासाठी केळ्यांवरच्या बारीक माश्या होत्या, दुधाच्या बाटल्यांत वाढवलेल्या. लाल डोळ्यांत पांढरे ठिपके असलेली जात. एकदा काही बाटल्यांतले डोळे जवळजवळ पांढरेच निघाले. "जात बिघडवलीस! मामा, फेका सगळं," असं ओरडून सर निघून गेले. त्या बाटल्या मुंग्या लागू नयेत म्हणून मीच माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवल्या होत्या. भीत भीत तिला सांगितलं.

ती उडालीच. "आईबाप तेच, जीन तेच, नि डोळे गारव्यानं बदलले? मामा, फेकायचं नाय हां!"

मी फेकलं नाही. कॉलेजात एकसारखा गारवा राखणारं कपाट नव्हतं. बायनं आईचा मासळीचा खोका आणला. तळाशी बर्फ, वर भुसा, वर गोणपाट. भुसा किती दाबला की गारवा दिवसभर तेवढाच राहतो, हे ती आईच्या हाताखाली शिकलेली. दर पिढीला तेच निघालं. गारव्यातल्या पांढऱ्या, उबेतल्या लाल.

मग बाहेरचे एक शास्त्रज्ञ आले. सरांनी ते सगळं आपलं म्हणून दाखवलं. पाहुणे म्हणाले, "एपिजेनेटिक्सचं, जीन तेच राहून गुण बदलण्याचं, झकास काम आहे. पण गारवा कसा राखलात?" सर माझ्याकडे बघायला लागले. मागून बाय म्हणाली, "आईच्या मासळीच्या खोक्यात, सर. वास येतोय ना?"

पाहुण्यांनी तिला एमएस्सीनंतर आपल्याकडे बोलावलं. सरांनी मे महिन्यात मला काढलं. बाय गेटपर्यंत आली. "त्यांना मी सोडणार नाय."

"अगं, तू अभ्यास बघ."

"अभ्यास काय नि ते काय, एकच आहे, मामा."

तिनंच पाहुण्यांना सांगून मला इथं हैदराबादला, त्यांच्या प्रयोगशाळेत लावून घेतलं. भाषा अर्धी कळते, दचकणं गेलेलं नाही, पण नोकरी कायम आहे. आता बाय शेजारच्या खोलीत पीएचडी करते. मी रोज देवाला हात जोडतो, आमच्या सरांना भरपूर आयुष्य दे. तिच्या प्रबंधाला अजून दोन वर्षं आहेत, आणि पहिली प्रत पार्ल्याला नेऊन त्यांच्या हातात मी स्वतः ठेवणार आहे.