सकाळचा पाय

सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावर संगिताला रोज पहाटे एकाच आवाजानं जाग येते. अंगणातून फरफटत जाणाऱ्या पायाच्या. तो पाय तिच्या थोरल्या बहिणीचा, सपनाचा. आई गेल्यावर संगितानं सपनाला आपल्या घरी आणलं, आणि तिच्यासोबत तो आवाजही राहायला आला.

लहानपणी सपनाचा गुडघा सकाळी आखडायचा आणि दुपारपर्यंत मोकळा व्हायचा. दुपारी खेळणारी पोर सकाळी लंगडते म्हणजे कामचुकारच, असा साऱ्या तांड्यानं निवाडा करून टाकला. नावं ठेवायला काय लागतं! सूज उतरेना तेव्हा तापल्या विळ्याचे डाग दिले. पाय वाकडा झाला तो झालाच.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आवाज आला, तेव्हा सपना चुलीपाशी बसलेली होती. संगितानं बाहेर डोकावलं. तिची सहा वर्षांची लेक, करिश्मा, पाय ओढत चालली होती.

"काल दुपारी तर पळून राहिली व्हती," नवरा प्रेमदास म्हणाला. "एक डाग देऊ, उतरंल."

सपनानं लुगडं गुडघ्यावर सारलं. काळे पडलेले व्रण तसेच होते. "माझं बी उतरंल म्हनले व्हते, दाजी."

प्रेमदासनं दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना नांदेडच्या गाडीत बसवलं.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा लहान मुलांचा संधिवात. गुंगी देऊन गुडघ्यातच स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं. सूज परत आली तर परत द्यावं लागेल, हे दुखणं डोळ्यांतही उतरू शकतं, म्हणून तेही तपासत राहायचे. सुई थेट सांध्यात जाणार म्हटल्यावर संगिताला विळाच दिसू लागला.

"काहून भेतीस? देऊ दे," सपना म्हणाली.

लेकरू गुंगीत असताना तिनं हळूच विचारलं, "बाई, मलाबी देता का?"

डॉक्टरीणबाईंनी तिचा गुडघा चाचपला. बराच वेळ हात काढला नाही. "सांधा आतून जुळून गेलाय हो. आता सुईचा उपयोग नाही."

महिन्याभरानं करिश्मा उठल्या उठल्या शेळीमागं पळत सुटली. संगिता अंथरुणात कान देऊन पडली होती. आवाज आला नाही. तिला रडूच फुटलं.

मग अंगणात पाय फरफटला.

"ताई, तूच हायस ना?" तिनं घाबरून विचारलं.

"व्हय, मीच हाय," सपना म्हणाली. "झोप तू."