बाईंच्या ब्लाउजचं माप

मरायला टेकलेल्या बाईंचा ब्लाउज मी त्यांचं माप न घेता शिवला. वय माझं तेव्हा बासष्ट, म्हणजे अक्कल यायला वर्षं कमी पडली असंही म्हणता येत नाही.

या बाई म्हणजे माझ्या शिवणाच्या बाई. म्हैसुरातल्या आमच्या मराठी लोकांत घरोघरी मशीन होतं, तरी मुलींना बाईंकडेच धाडायचे, कारण घरचे चुकलं की ओरडायचे आणि बाई उसवायला लावायच्या. एकोणिसाव्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले ती मोठी कलावंत होऊनच. माझ्या प्रत्येक ब्लाउजचा डावा मुंढा काखेत ओढायचा. मी म्हणायची, गिऱ्हाइकाचा हातच वाकडा. एका पावसाळ्यात मी म्हैसुरातल्या अकरा बायकांचे डावे हात वाकडे ठरवले. बाई वाद घालत नसत, उसवायचं ब्लेड पुढे सरकवत. त्यांचा नियम एकच होता, माप अंगाचं घ्यायचं. कुणी जुना ब्लाउज टाकून ‘यावरून शिवा’ म्हणाली, तरी तिला उभी करून टेप लावायच्या.

त्या आता गावाबाहेर हूटगळ्ळीला मुलाच्या नव्या घरात, मागच्या खोलीत होत्या. पोटाचं दुखणं. डॉक्टरांनी ‘घरी न्या’ म्हटलेलं. दोन बस बदलून मी गेले, पिशवीत कोरी वही घेऊन. शेवटी शेवटी माणसं फार शहाणपणाचं बोलतात असं मी कुठूनसं ऐकलं होतं. ते टिपून घ्यायचं आणि देवळातल्या भजनाच्या बायकांना वाचून दाखवायचं, असा माझा बेत. पहिल्या दिवशी वहीत दोन वाक्यं पडली. सांबारात चिंच जास्त झालीय. पंखा कमी कर.

भेटायला येणारे नंजनगूडची रसबाळे केळी आणत आणि ‘अय्यो, किती बऱ्या दिसता’ म्हणत. बाईंना दोन घास जात नव्हते, केळी सून शेजारी वाटत होती. मीही तेच म्हणाले, फक्त जरा जास्त सुरात.

त्या शुक्रवारी घरातच नातीचा साखरपुडा होता. सून मनाची चांगली. तिचं म्हणणं, सैल नाइटी घालू, वर शाल पांघरू, बाहेर यायचा त्रास नको. ती स्वयंपाकघरात गेल्यावर बाईंनी मला जवळ बोलावलं.

“अर्ध्या गावाला अंगाबरोबर शिवून दिलंय मी. नातीच्या सासरच्यांपुढे पोत्यात बसणार नाही. कपाटातले सगळे लोंबतात. तू शिव.”

उशीखालून त्यांनी मोरपंखी म्हैसूर सिल्कचा तुकडा काढला. साडीतलाच होता, दुसरा मिळणार नव्हता.

मी टेप काढला. त्यांच्या खांद्याची हाडं पाहिली आणि टेप परत गुंडाळला. म्हटलं, बाई, तुमचं माप मला पाठ आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, विश्वास टाकला. दमल्या होत्या बिचाऱ्या.

घरी येऊन मी जुन्या वहीतलं, त्यांच्या धडधाकट दिवसांतलं माप काढलं. त्यातून चार इंच कमी केले, तेही स्वतःच्या धाडसाचं कौतुक करत. वर शिवणीत दीड इंच कापड दाबून ठेवलं. पुढे अंग भरलं तर असावं म्हणून. कुणाचं अंग भरणार होतं, ते मलाच विचारावं.

गुरुवारी सुनेनं त्यांना तो घातला. आत बाई शोधाव्या लागल्या. आणि मी काय म्हणावं, तर हे कापड जरा सुटतंय. त्रेचाळीस वर्षांत माझी प्रगती एवढीच, खापर हातावरून कापडावर.

“टेप लाव,” बाई म्हणाल्या. “मोठ्यानं वाच. ती लिहून घेईल.”

मी छातीचं माप पुटपुटले.

“ऐकू आलं नाही.”

सव्वीस, मी म्हणाले. सुनेचं पेन थांबलं. महिनाभर त्या खोलीत सगळे ‘बऱ्या दिसता’ म्हणत आले होते, आकडा कुणी उच्चारला नव्हता. कंबर, खांदा, मुंढा. दंड सात. बाई दुसऱ्या कुणाचं माप ऐकावं तशा ऐकत होत्या. मी मात्र दंडापाशी नाक पुसलं. टेप ओला होतोय, त्या म्हणाल्या. आणि मग, “साकु, पुरे. आता उसव.”

प्रेमापोटी मी टीप इतकी बारीक मारली होती की उसवता उसवता दुपार गेली. नशीब एवढंच की ब्लाउज मोठा झाला होता. लहान झाला असता तर तोंड दाखवायला जागा नव्हती. बाईंच्या पायमशीनवर त्या घरात पाण्याचा कॅन बसवला होता. तो उतरवला, तेल घातलं आणि दिवेलागणीच्या आत ब्लाउज पुरा केला. त्या पलंगावरून मशीनचा आवाज ऐकत होत्या. मध्येच एकदा म्हणाल्या, हळू, पळून नाही जात मी.

शुक्रवारी त्या हॉलमधल्या खुर्चीत दोन तास ताठ बसल्या. शाल नाही. नवऱ्या मुलाच्या आईनं, ब्लाउज कुठे शिवला, म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी नुसती हनुवटी माझ्याकडे केली. मी तोंडात चिरोटी असूनही मान डोलावली, सारा चुरा पदरावर.

पाहुणे गेल्यावर त्यांना आत नेऊन निजवलं. मी पलंगापाशी बसले आणि काय सांगू, पुन्हा वही काढली. आता तरी काही निघेल म्हणून. बाईंनी वहीकडे पाहिलं, हात जरासा उचलून काखेत चाचपलं आणि म्हणाल्या,

“डावा मुंढा अजून पाव इंच ओढतोय. राहू दे. वर कुणी विचारलं तर सांगायला खूण हवी, कुणी शिवलाय ते.”