कांजिण्या आणि बघायला येणाऱ्या बायका

लग्नानंतर मी लांज्याहून हर्णेला आले. नवऱ्याची मासेमारीची होडी होती. मला पाचवा महिना चालू असताना मंडणगडची नणंद लेकीला घेऊन राहायला आली. पोरीला थोडी कणकण होती. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर पाण्याचे फोड उठले. कांजिण्या.

मी आईला फोन केला. आधी म्हणाली, तुला लहानपणी होऊन गेल्यात. मग म्हणाली, नाही, त्या तुझ्या बहिणीला, तुला गोवर. दापोलीच्या डॉक्टरांनी बजावलं, नक्की माहीत नसेल तर मुलीजवळ जाऊ नका. हा आजार श्वासातूनही पसरतो, फोड उठायच्या आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत.

घरी येऊन मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. देवी घरात आलेली, तिच्या तोंडावर कोणी दार लावतं का, असं त्यांचं म्हणणं. बायका कडुलिंबाचा पाला घेऊन येत, पोरीच्या उशाशी बसत, तिच्या अंगावरून हात फिरवत आणि तशाच उठून माझ्या दारावर थाप मारत. पोटुशी बाई एकटी का बसलीय? प्रत्येकीला आतून तेच ते सांगून माझा घसा बसला. एकीने तर पोरीलाच कडेवर आणलं, तिला मामीला बघायचंय म्हणून.

सासूबाई तिच्याजवळच झोपत. मी आतूनच विचारलं, "आई, तुम्हाला कधी झाल्या होत्या का?"

"या वयात मला कशाला होतायत?"

दोनेक आठवड्यांनी सासूबाईच अंथरुणाला खिळल्या. मोठेपणी कांजिण्या फार छळतात. ताप उतरेना, धाप लागली, दापोलीला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी घाबरले, त्यांच्यासाठी आणि पोटातल्या बाळासाठीही. नवऱ्याने मला लांज्याला पोचवलं. सासूबाईंना बघायला माणसं जातच होती, आणि त्यातल्या दोघींची मुलं पुढे फोडांनी भरली.

मला काही झालं नाही. मुलगी धडधाकट जन्मली. सासूबाईही बऱ्या झाल्या; कपाळावर थोडे वण तेवढे राहिले. बारशाला त्यांनी ते बायकांना दाखवले आणि म्हणाल्या, "सुनेने दार लावलं, म्हणून देवी माझ्यावर कोपली."

बायकांनी माना डोलावल्या. नवरा हळूच म्हणाला, जाऊ दे, बरी झाली ना ती. बऱ्या झाल्या होत्या, आणि मला त्याचं खरंच हायसं वाटत होतं. तरी त्या दुपारी मला जेवण गोड लागलं नाही.