होडीचा रंग लावलेला ट्रॅक्टर

आमचा ट्रॅक्टर माझ्याहून वयाने मोठा आणि स्वभावाने खवीस. आगाशीची खारी हवा लोखंड खाते, म्हणून बाबा दर दसऱ्याला त्याला रंग फासायचे. तोही साधा नव्हे. अर्नाळ्याच्या तांडेल दोस्ताच्या होडीचा उरलेला निळा. थरावर थर. तोफगोळा आदळला असता तरी रंगाचा टवका उडाला असता, बस.

एका दसऱ्यानंतर त्याच तांडेलाची होडी डागडुजीसाठी वर ओढायची होती. सकाळीच स्टार्टर रुसला. अर्ध्या आळीने ढकलून ट्रॅक्टर सुरू करून दिला. अर्नाळ्याला पाण्याच्या कडेला लावून आम्ही होडीला दोर बांधला. आता भरती होडीला जवळ आणेपर्यंत थांबायचं, तर बाबांनी इंजिनच बंद केलं!

"बाबा, बंद कशाला केलंत?"

"डिझेल काय तुझा सासरा देतो?"

भरती आली. बाबांनी चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. वाळूत ढकलायची सोय नाही. किनाऱ्यावरच्या एकाने स्टार्टरला हातोडी हाणली, दुसऱ्याने टेम्पोची बॅटरी काढून आणली. टक!

"भावा, माझी होडी तरंगल," तांडेल म्हणाला, "तुझा ट्रॅक्टर पानी पिनार."

मागची चाकं भिजू लागली तसा मी वैतागून बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक वायर थेट स्टार्टरच्या अंगाला टेकवली. स्टार्टर अर्धा फेरा फिरला आणि वायर तापून हातातून सुटली. म्हणजे अर्थिंगच नव्हतं! बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडलेली अर्थिंगची पट्टी सोडली, तर तिच्याखाली भाकरीएवढा जाड निळा रंग. करंट जाणार कुठून?

"इथेही रंग, बाबा?"

"तिथेच पहिला गंज धरतो!"

"खरवडा!"

"नवा रंग आहे रे..."

एक लाट त्यांच्या गुडघ्यापर्यंत चढली. मग मात्र त्यांनी तांडेलाच्या हातातला कोयता हिसकावला आणि जिताड्याचे खवले काढावेत तसा रंग उडवला. पट्टी कसली. चावी. घर्रर्र!

ट्रॅक्टर उसळून निघाला, मागोमाग होडी. ठरलेली जागा आली आणि गेली.

"बस! थांब!" तांडेल मागून धावत होता.

"थांबलो तर मेला हा!" बाबा ओरडले.

वाळवणीचे बोंबील चुकवत, कोंबड्या उधळत होडी थेट तांडेलाच्या अंगणात शिरली. त्याची बायको कमरेवर हात ठेवून ओट्यावर आली. "आनि आता ही पान्यात कोन नेनार?"

बाबांनी मानही वळवली नाही. "वहिनी, आधी दोर सोडा. मी इंजिन बंद करणार नाही."